‘मराठी’चे ‘मर’ आणि अवजारांचा प्रांत

फलकावरून मराठी पुसली गेली तर ते आपल्याला दिसते. दुकानाची पाटी बदलली, बसच्या कपाळावरचे गावाचे नाव बदलले, कचेरीतून हाती आलेला उतारा आईला वाचता येईनासा झाला, की आपण निवेदन लिहितो, मोर्चा काढतो, प्रसंगी लाठी खातो. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या सीमाभागाला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु भाषा पुसली जाण्याची एक जागा अशी आहे की जेथे पाटी नाही, अधिकारी नाही, लाठी नाही, आणि म्हणूनच आरडाओरडही नाही. ती जागा म्हणजे संगणकाच्या पोटातील मुक्तस्रोत अवजारांचा प्रांत. या प्रांतात मराठीची अवस्था काय आहे आणि तिला जबाबदार कोण, हे येथे मांडावयाचे आहे. त्या जबाबदारीत तुमचा-माझा वाटा मोठा आहे, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला दगाफटका झाल्यासारखे वाटणार नाही.

आधी दोन शब्दांचा खुलासा. आज्ञावली लिहिणारा माणूस प्रत्येक गोष्ट नव्याने घडवत नाही. शब्द मोजणे, याद्या लावणे, छापील पान वाचणे, शुद्धलेखन तपासणे ही कामे करणारे तयार तुकडे त्याला मिळतात. त्यांना पॅकेज म्हणतात. त्यांपैकी पुष्कळ मुक्तस्रोत असतात, म्हणजे कोणीही ती फुकट घ्यावीत, उघडून पाहावीत, दुरुस्त करावीत आणि दुरुस्ती सर्वांना परत द्यावी, असा त्यांचा परवाना असतो. यांतील अनेक अवजारे कमांड लाइनवर, म्हणजे खिडक्या-चित्रांविना, नुसती लेखी आज्ञा देऊन चालवली जातात. सामान्य वाचकाला ती कधी दिसत नाहीत. पण बँकेच्या अर्जापासून बातम्यांच्या संकेतस्थळापर्यंत जे जे दिसते, त्याच्या तळाशी तीच असतात.

दोन प्रयोग

पहिला प्रयोग कोणत्याही महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत पाच मिनिटांत करता येतो. पायथन ही आज सर्वत्र शिकवली जाणारी आज्ञाभाषा. मजकुरातून शब्द वेचण्यासाठी तिच्यात एक अंगभूत सोय आहे. ‘शब्दात येणारे अक्षर’ अशा अर्थाची एक खूण द्यावी आणि यंत्राने शब्द काढून द्यावेत. इंग्रजी वाक्याचे शब्द नीट निघतात. ‘मराठी’ हा शब्द दिला तर दोन तुकडे हाती येतात: ‘मर’ आणि ‘ठ’. कारण त्या खुणेच्या लेखी अक्षर म्हणजे केवळ मुळाक्षर. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पायमोड हे तिच्या दृष्टीने शब्दाचे घटक नव्हेतच. शब्द जेथे तुटतो त्या त्या फटी आहेत.

आता याच खुणेवर आधारलेले पुढचे पॅकेज घ्या. सायकिट-लर्न हे मजकुराचे वर्गीकरण शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती पडणारे पॅकेज. वापरणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही, तर त्याचा नियम असा की दोन अक्षरांपेक्षा लहान तुकडा निरुपयोगी समजून टाकून द्यावा. म्हणजे ‘ठ’ गेला आणि ‘मराठी’चे उरले ‘मर’. ‘बेळगाव’चे उरते ‘ळग’. ‘कारवार’चे ‘रव’, ‘बिदर’चे ‘दर’. ‘खानापूर’, ‘निपाणी’, ‘गोवा’, ‘इंदूर’ आणि ‘ग्वाल्हेर’ यांचे तर काहीच उरत नाही, कारण त्यांतील प्रत्येक मुळाक्षर एकेकटे पडते आणि एकेकटे पडलेले सारे फेकले जाते. ‘भाषा’ नाहीशी होते. ‘सीमा’ नाहीशी होते. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून जो प्रश्न उभा आहे, त्यातला ‘सीमाभाग’ हा शब्द येथे एका आज्ञेसरशी निकालात निघतो.

दुसरा प्रयोग. युरोपीय भाषांतील अक्षरांच्या डोक्यावरची स्वराघातचिन्हे काढून टाकून शब्द सारखे करण्याची एक जुनी पद्धत आहे. फ्रेंच शब्द चिन्हासह लिहिला वा चिन्हाविना लिहिला, तरी शोधात सापडावा, हा तिचा हेतू. ही पद्धत युनिकोडमधील ‘जागा न व्यापणारी चिन्हे’ या वर्गावर कात्री चालवते. देवनागरीत त्या वर्गात मात्रा, उकार, अनुस्वार आणि पायमोड येतात. काना आणि वेलांटी मात्र जागा व्यापणारी चिन्हे म्हणून वाचतात. गूगलने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या ‘बर्ट’ या भाषाप्रारूपाच्या पहिल्या बहुभाषिक आवृत्तीत हीच कात्री होती. तिच्यातून गेलेल्या ‘बेळगाव’चे होते ‘बळगाव’, ‘खानापूर’चे ‘खानापर’, ‘पुणे’चे ‘पण’, ‘इंदूर’चे ‘इदर’, ‘ग्वाल्हेर’चे ‘गवालहर’. पहिल्या प्रयोगात पूर्ण बुडालेली निपाणी येथे शाबूत राहते, कारण तिच्या नावात योगायोगाने काना आणि वेलांट्याच आहेत. ज्या भाषेच्या गावांचे तरणे-बुडणे अशा योगायोगावर ठरते, तिची त्या प्रांतातली पत काय असेल ते वेगळे सांगावयास नको.

शत्रू कोण?

येथे आपल्या जुन्या सवयीने आपण शत्रू शोधू लागतो. तो सापडणार नाही. पायथन घडवणाऱ्यांनी मराठीचा द्वेष केला नाही. ती त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, इतकेच. बर्टच्या कर्त्यांनी तर चूक लक्षात येताच चिन्हे न कापणारी दुसरी आवृत्ती काढली आणि तीच वापरावी अशी शिफारस केली. पायथनमधील खूण रोमनेतर लिप्यांना उपयोगी पडत नाही, ही तक्रार त्या प्रकल्पाच्या जाहीर तक्रारवहीत २००७ सालीच नोंदली गेली. त्या तक्रारीला उत्तर म्हणून ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे पॅकेज उपलब्ध आहे. त्यात ‘मराठी’ हा शब्द अखंड राहतो. म्हणजे दार होते, दाराला घंटा होती, कोणीतरी ती वाजवली, आणि आतून प्रतिसादही आला. प्रश्न असा आहे की त्यानंतरच्या इतक्या वर्षांत आपल्या किती अध्यापकांनी वर्गात ‘मर’ आणि ‘ठ’ पाहून भुवई उंचावली? किती जणांनी विद्यार्थ्याला सांगितले की बाळ, ही तुझी चूक नाही, अवजाराची आहे, आणि अवजार बदलता येते? बहुतेकांनी एवढेच सांगितले की उदाहरणासाठी इंग्रजी मजकूर घे.

आणखी एक गोष्ट सीमाभागात मुद्दाम सांगितली पाहिजे. हाच प्रयोग ‘कन्नड’ या शब्दावर करून पाहा. पायमोडाशी तो तुटतो आणि ‘कन’ व ‘नड’ असे दोन तुकडे पडतात. देवनागरीत लिहिला तरी तेच, कन्नड लिपीत लिहिला तरी तेच. ज्या दोन भाषांचे अनुयायी फलकावरील अक्षरांच्या उंचीवरून एकमेकांशी भांडतात, त्या दोघींना या पंगतीत पान वाढलेलेच नाही. आपल्या न्याय्य मागण्या यामुळे तसूभरही कमी होत नाहीत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगणारे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम येथेही लागू आहे आणि तेथेही. परंतु या एका प्रांतात मराठीसाठी केलेली दुरुस्ती कन्नडलाही तारते आणि कन्नडसाठी केलेली मराठीला. असे दुसरे क्षेत्र सीमाभागात मला तरी ठाऊक नाही.

हजेरीपट

तुटलेला शब्द ही पहिली व्यथा. दुसरी व्यथा गैरहजेरीची, आणि ती अधिक लाजिरवाणी आहे.

पोस्टग्रेसक्यूएल हा मुक्तस्रोत डेटाबेस जगभरातील कचेऱ्या, बँका, ग्रंथालये वापरतात. त्यात मजकुराचा शोध घेताना शब्दाची रूपे ओळखावी लागतात, आणि त्यासाठी भाषागणिक नियम असतात. कमांड लाइनवर चार अक्षरांची आज्ञा दिली की कोणकोणत्या भाषांचे नियम हजर आहेत, त्याची यादी समोर येते. २०१९ साली बाराव्या आवृत्तीत अरबी, इंडोनेशियन, आयरिश, लिथुआनियन, नेपाळी आणि तमिळ या भाषा आल्या. २०२१ साली चौदाव्या आवृत्तीत आर्मेनियन, बास्क, कॅटलन, हिंदी, सर्बियन आणि यिडिश आल्या. दोन्ही वेळा मराठी नव्हती. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी जिला मातृभाषा म्हटले, ती मराठी. आणि बास्क ही स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेने दुभागलेली, दहा लाखांहूनही कमी लोकांची भाषा. ती आत आहे.

तिला कोणी आत घेतले? हे नियम ‘स्नोबॉल’ या मुक्तस्रोत प्रकल्पातून येतात. त्यात प्रवेश मिळवण्यासाठी राज्य लागत नाही, आठवी अनुसूची लागत नाही, आयोगाचा अहवाल लागत नाही. लागतो तो आपल्या भाषेचे प्रत्यय कसे लागतात आणि कसे सुटतात, हे नेमकेपणाने लिहून देणारा कोणीतरी, आणि ते त्या प्रकल्पाच्या छोट्याशा आज्ञाभाषेत मांडणारा दुसरा कोणीतरी. आपल्याकडे पहिल्या प्रकारची माणसे शेकड्यांनी आहेत: मराठी शाळांतून व्याकरण शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. दुसऱ्या प्रकारची माणसेही शेकड्यांनी आहेत: त्याच शिक्षकांचे बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे नोकरी करणारे विद्यार्थी. या दोघांची गाठ पडलेली नाही, एवढाच काय तो अडसर.

कोणी म्हणेल, हिंदीचे नियम आहेत ना, लिपी एकच आहे, तेच वापरा. हा युक्तिवाद आपण रेल्वेच्या फलकांपासून ऐकत आलो आहोत, आणि तो येथेही तितकाच पोकळ आहे. हिंदीत नामामागचे कारकचिन्ह सुटे लिहितात. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि चिकटण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘शाळा’ची ‘शाळे-’ होते, ‘पाणी’चे ‘पाण्या-’, ‘विहीर’ची ‘विहिरी-’, ‘मूल’चे ‘मुला-’. त्यावर विभक्ती, त्यावर शब्दयोगी अव्यय, त्यावर ‘ही’ किंवा ‘च’. एका ‘घरा’पासून घरात, घरातला, घरातल्यांना, घराजवळच्यांनासुद्धा अशी ओळच्या ओळ तयार होते. हिंदीच्या नियमांना ही रचना कळणे शक्य नाही. परिणाम असा की शासकीय आदेशांच्या साठ्यात ‘शाळा’ हा शब्द शोधणाऱ्याला ‘शाळांमधील’ आणि ‘शाळेच्या’ सापडत नाहीत. ज्या लढ्याचा सारा आधार कागदपत्रांवर आहे, त्यात पुरावा असून न सापडणे म्हणजे पुरावा नसणेच होय.

हंगेरियनचे उदाहरण यासाठी बोलके आहे. इंग्रजीसारख्या भाषांसाठी घडलेली शुद्धलेखन-तपासणीची अवजारे हंगेरियनला पुरी पडेनात, कारण तीही प्रत्ययावर प्रत्यय चढवणारी भाषा. तेव्हा लास्लो नेमेथ यांनी ‘हनस्पेल’ घडवले. त्याची रचना साधी आहे: एका फायलीत शब्दांची यादी, दुसऱ्या फायलीत प्रत्ययांचे नियम. एका भाषेची गरज नेटाने भागवण्यासाठी निघालेले ते अवजार आज लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि क्रोम यांत जगातील कितीतरी भाषांची सेवा करते. आणि ही भाषा कोणाची? १९२० च्या ट्रिएनॉनच्या तहाने जिचे लाखो भाषक रातोरात शेजारच्या देशांत अल्पसंख्य झाले, तिची. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे त्या लोकांना आपल्याआधी तीन तपे कळले होते. ट्रान्सिल्व्हेनियातील हंगेरियन मुलगा आज आपल्या भाषेत निबंध लिहितो तेव्हा त्याच्या चुकीखाली जी तांबडी रेघ उमटते, ती बुडापेस्टच्या मुलाच्या चुकीखाली उमटते तीच असते. कोणत्याही सरकारच्या परवानगीवाचून ती तेथे पोहोचली आहे.

संकेतात राज्य नाही

आता या प्रांतातील आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संगणकव्यवस्थेत प्रत्येक भाषेला एक संकेत असतो. मराठीचा संकेत ‘एमआर’, आणि त्यापुढे देशाचा ‘आयएन’. झाले. त्या संकेतात राज्याला जागा नाही. महाराष्ट्राची मराठी, कर्नाटकातली मराठी, बडोद्याची मराठी असे रकाने तेथे नाहीत. बेळगावच्या मुलीने पाठवलेली दुरुस्ती आणि पुण्याच्या प्राध्यापकाने पाठवलेली दुरुस्ती एकाच तराजूत तोलली जाते. १९५६ मध्ये नकाशावर जी रेघ ओढली गेली, ती या प्रांतात कधी ओढलीच गेली नाही. संयुक्त महाराष्ट्राचे जे स्वप्न भूमीवर अपुरे राहिले, ते येथे कोणी न मागता मंजूर झालेले आहे. आणि आपण तेथे राहावयास गेलेलोच नाही.

जे गेले त्यांनी काय मिळवले, तेही पाहावे. युनिकोडच्या छत्राखाली ‘सीएलडीआर’ नावाचा भाषाविषयक माहितीचा सार्वजनिक साठा चालतो. फोन, ब्राउझर, डेटाबेस यांपैकी कितीतरी तारखा, अंक आणि वर्णक्रम तेथूनच घेतात. त्या साठ्यात मराठीचे अंक मुळातच देवनागरी ठरवलेले आहेत. ब्राउझरला मराठीचा संकेत देऊन संख्या मांडावयास सांगितली की ती १२,३४,५६७ अशी आपल्या अंकांत आणि आपल्या लाख-हजारांच्या विभागणीत येते. हिंदीचा संकेत दिला तर अंक रोमन वळणाचे येतात. मराठीचा वर्णक्रमही त्या साठ्यात आपल्या शाळेतल्यासारखा आहे: ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, ‘ज्ञ’. हा नियम न मानता केवळ संकेतांकानुसार यादी लावणारे अवजार ‘ळ’ला ‘ल’च्या पाठीशी बसवते आणि ‘काळ’ हा शब्द ‘काव’च्या आधी आणते. अंकांचा आणि वर्णक्रमाचा हा मान मराठीला आंदोलनाने मिळालेला नाही. कोणीतरी योग्य रकान्यात योग्य माहिती भरली, म्हणून मिळाला.

असाच रकाना ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात आहे. तेथे एका गावाच्या नोंदीत मुख्य नावाखेरीज प्रत्येक भाषेतील नावासाठी वेगळी जागा असते: मराठीसाठी ‘नेम:एमआर’, कन्नडसाठी ‘नेम:केएन’. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बदलले, पण त्या रकान्यातील ‘बेळगाव’ बदलण्याचे कोणाला कारण नाही आणि अधिकारही नाही. दाव्यातल्या ८६५ गावांच्या याद्या आपण प्रत्येक सभेत वाचतो. त्या गावांची मराठी नावे अचूक लेखनासह त्या रकान्यात भरणे, हे दहा तरुणांचे महिनाभराचे काम आहे. त्यासाठी कोणाचे नाव खोडावे लागत नाही, कोणाशी भांडावे लागत नाही.

आपलेच दप्तर

दुसऱ्यांच्या चुका सांगून झाल्या, आता घरच्या. आपली निवेदने, ठराव, पत्रके ही कशा स्वरूपात प्रसिद्ध होतात? बहुधा छायाचित्र म्हणून. कागद टंकलिखित करावयाचा, सही-शिक्का मारावयाचा, मोबाईलने फोटो काढावयाचा आणि तो समूहांत फिरवावयाचा. यंत्राच्या दृष्टीने त्या चित्रात एकही अक्षर नसते. आणि जे टंकित आहे त्यातले पुष्कळ युनिकोडपूर्व फाँटांत अडकलेले आहे. फाँट काढून घेतला की मागे उरते ते रोमन अक्षरांचे कडबोळे. म्हणजे आपल्या चळवळीचे दप्तर आपणच कुलूपबंद केले आहे आणि किल्ली हरवून बसलो आहोत. मराठीची रूपे शिकण्यासाठी जगातील अवजारांना मराठी मजकूर लागतो. तो त्यांना कोठून मिळावा?

यावरही अवजार आहे. ‘टेसरॅक्ट’ हे छापील पानाच्या चित्रातून मजकूर काढणारे कमांड लाइनवरील साधन २००५ पासून मुक्तस्रोत आहे, आणि मराठीसाठी त्याची ‘एमएआर’ नावाची स्वतंत्र फाइल उपलब्ध आहे. जुन्या पत्रकाचे स्वच्छ स्कॅन आणि एका ओळीची आज्ञा, इतक्यावर मजकूर बाहेर येतो. तो बिनचूक येत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक मराठी वाचकाला चटकन कळतो, यंत्राला कळेलच असे नाही. म्हणून नजर फिरवणारा माणूस लागतोच. पण कोऱ्या पानापासून टंकन करण्यापेक्षा ते काम कितीतरी हलके आहे. मोडीचा प्रश्न याहून बिकट. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. आता तिच्यात मजकूर लिहिता, साठवता, शोधता येतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर येथील दप्तरांत जी मोडी पडून आहे, ती वाचणारी पिढी दर वर्षी विरळ होत चालली आहे. वाचलेल्या प्रत्येक पानाचे लिप्यंतर मूळ चित्रासह खुले ठेवले, तर त्यावरून पुढची अवजारे शिकतील. कपाटात ठेवले, तर वाळवी शिकेल.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला हे काम नवे नाही. १९३१ साली बडोदे संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ सिद्ध केला आणि इंग्रजी राज्यकारभाराच्या शब्दांना मराठीसह अनेक देशी भाषांचे पर्याय दिले. त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा होती, कवी होता, छापखानाही होता. फक्त अवजार परक्या लिपीचे होते, म्हणून मराठीला परके वस्त्र नेसावे लागले. चार शतकांनंतर आपली मुले मोबाईलवर मराठी रोमन अक्षरांत लिहितात, तेव्हा तोच प्रसंग पुन्हा घडत असतो. फरक इतकाच की आज देवनागरीचे खिळे फुकट मिळतात.

आक्षेप

तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला: सीमाभागात शाळा बंद पडत आहेत, मुलांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही अवजारांच्या गोष्टी काय करता? याला उत्तर असे की शाळेतला मुलगा उद्या ज्या यंत्रासमोर बसणार आहे, त्यात त्याची भाषा तुटकी असेल, तर ती शाळा टिकवूनही तो भाषा सोडील. भाषा ज्या साधनात चालत नाही, त्या साधनाच्या दारात माणूस ती पायताणासारखी काढून ठेवतो.

दुसरा: हे काम महाराष्ट्र शासनाने करावे. करावेच. राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा मंजूर केला. त्या निमित्ताने येणाऱ्या निधीतून निघणारी प्रत्येक शब्दसूची मुक्त परवान्याने खुली झाली पाहिजे, ही मागणी आपण नेटाने लावून धरली पाहिजे. पण सीमाभागाने सारे मुंबईवर सोडून काय मिळवले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय तेथे घडणाऱ्या सूचीत आपली मराठी असेलच, याची हमी काय? बेळगावकडे ‘पण’ऐवजी ‘खरं’ म्हणतात, बाईमाणूसही ‘मी आलो’ म्हणते. ही रूपे कोणी नोंदवली नाहीत, तर उद्याचा व्याकरण-तपासनीस आपल्या आईच्या प्रत्येक वाक्याखाली तांबडी रेघ मारील.

तिसरा: आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सारे मराठी येते, मग ही लहान अवजारे कशाला? ती महाकाय यंत्रे दुसऱ्यांच्या मालकीची आहेत. त्यांचे दर, त्यांच्या अटी आणि त्यांची मर्जी दुसऱ्यांची आहे. आणि त्यांना मजकूर पुरवण्यापूर्वी तो निवडणारी, गाळणारी, तोडणारी अवजारे या लेखात वर्णिलेल्या जातीचीच असतात. गाळणीला भोक असेल, तर कढईतल्या पदार्थाची प्रौढी काय कामाची?

काय करावे

कामे थोडी आहेत आणि ठरीव आहेत. यापुढचे प्रत्येक निवेदन चित्राबरोबर युनिकोड मजकूर म्हणूनही प्रसिद्ध व्हावे. प्रत्येक गावच्या मंडळाने जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा स्कॅन करून टेसरॅक्टमधून काढावा आणि तपासावा. निवृत्त मराठी शिक्षकांनी नामांच्या सामान्यरूपांचे वर्ग उदाहरणांसह लिहून द्यावेत. अभियंता झालेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते स्नोबॉलच्या आणि हनस्पेलच्या नियमांत बसवावेत. नकाशातील मराठी नावांचे रकाने भरावेत. आणि जेथे अवजार मराठी तोडते, तेथे त्या प्रकल्पाच्या तक्रारवहीत सभ्य, नेमकी, उदाहरणासह नोंद करावी. काय दिले, काय मिळाले, काय मिळावयास हवे होते, या तीन ओळी पुरतात. निवेदने लिहिण्याची कला आपल्याइतकी कोणाला अवगत आहे?

आरंभ मात्र घरापासून करता येतो. आपल्या गावाचे नाव घ्यावे आणि त्याची सारी रूपे एका कागदावर उतरवावीत: बेळगाव, बेळगावात, बेळगावला, बेळगावहून, बेळगावातील, बेळगावकर, बेळगावकरांनी. जी रूपे आपल्याकडे निराळी बोलतात, तीही लिहावीत. मग ती एका साध्या मजकूर-फायलीत टंकित करून खुल्या परवान्याने ठेवावीत. तास-दीड तासाचे काम आहे. अशा गावोगावच्या फायली एकत्र आल्या की पहिली प्रत्ययसूची तयार होते, आणि तिच्या पहिल्या ओळीत पुण्याआधी खानापूर असेल.